रतनाक्काचं म्हणून

रतने,

तुझ्या मातीवरच्या झेंडूच्या माळा वाळल्या. वाऱ्यानं उडून कुंपणाच्या काट्यांना अडकल्यात. मी येता-जाता बगतो, काढत न्हाई. पाळकसाहेब म्हणले, "अण्णा, बहिणीबद्दल चार शब्द लिहून द्या." तिसरी शिकलेल्या माणसाचे चार शब्द ते काय असणार. तरी हो म्हणलो. तोंडानं सांगायला गेलो तर मी परत माझंच खरं करून सोडीन, आन् आता मधी टोकायला तू न्हाईस. लिवताना हात अडतोय. अडू दे.

तू कुठं जन्मलीस, कुठं दिलो, नवरा कवा गेला, हे सगळं मातीच्या दिवशी सांगून झालं. मी आपलं भांडण सांगणार हाय. ते अर्धंच ऱ्हायलंय. अर्ध्यात उठून जायची तुझी रीत न्हवती, ती माझी होती.

नवरा वारल्यावर तू माहेरी आलीस, त्या पहिल्याच महिन्यात सुरू झालं. आपल्या येशूच्या देवळात महिन्याच्या पहिल्या ऐतवारी उपासना झाली की प्रीतिभोजन असतंय. घरटी एक भांडं. जमंल ते रांधून आणायचं, पत्र्याच्या शेडात लांब बाकड्यावर मांडायचं, आन् सगळ्यांनी मिळून खायचं. सांगायला असं. खायला तसं न्हवतं. जी ती बाई आपापल्या भांड्यामागं उभी. ओढ्याच्या अलीकडच्यांनी अलीकडच्यांच्या भांड्यात पळी घालायची, पलीकडच्यांनी पलीकडच्यांच्या. आपले आजे आन् त्यांचे आजे एकाच दिवशी, एकाच विहिरीवर बाप्तिस्मा घेतले, असं आपला बाप सांगायचा. प्रभुभोजनाचा प्याला बी एकच. पण जातीचा ओढा मधी वाहत होता तो वाहतच ऱ्हायला. कुणी कायदा केला न्हवता, कुणी तोंडानं बोलत न्हवतं. नुसता हात तिकडं जायचा न्हाई.

घरी येताना तू मागनं बोलायला लागलीस.

"अण्णा, त्या सुंदराबाईचं भांडं भरलेलं परत जायलंय."

"जास्ती आणली असंल."

"झाकण बी कुणी उघडलं न्हाई."

"मग मी काय करू? लोकांच्या तोंडात कोंबू?"

"तू खाल्लास का?"

"माझ्या पोटाला सोसत न्हाई गं कुणाच्या बी हातचं."

"आन् बिदरच्या बसस्टँडवर पुरी-भाजी हाणतोस, ती कुणाच्या हातची असतीय? आईच्या?"

मी म्हणलो, वाट बगून चाल, ठेच लागंल. तेवढं बोलून मी जिंकलो असं मला वाटलं.

सुंदराबाई पलीकडची. एकटी, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी. दर महिन्याला ती अंबाडीची भाजी आणायची, कण्या घालून शिजवलेली. आन् दर महिन्याला ओढ्याच्या काठी कोंबड्यांपुढं वतून रिकामं भांडं घरी न्यायची. हे मला दिसत होतं. मंडळीचा वडील होतो मी, पाळकसाहेबांच्या खालोखाल मान माझा, मला सगळंच दिसत होतं. पण दिसतंय म्हणून बगायचंच असं कुठं हाय?

तू मातर बगत ऱ्हायलीस. मग एका ऐतवारी घरटी सगळ्यांनी भातच आणला. कालवायला कायबी न्हाई. पाळकसाहेबांनी भातावर भात घेतला आन् पाणी पिऊन उठले. सगळी हसली. तू हसली न्हाईस, तू तीच वेळ धरलीस. पुढच्या बैठकीला उभी ऱ्हायलीस आन् म्हणलीस, मी शनिवारी घरोघर फिरून इचारीन, कोण काय करणार. आणलेलं आपल्या भांड्यात ठेवायचं न्हाई, देवळाच्या पातेल्यात, परातीत वतायचं. आन् जिनं रांधलं तिनं ते वाढायचं न्हाई. दुसरीनं वाढायचं. नुसतं वाढायचं न्हाई, तोंडभरून सांगायचं, घ्या, लई चांगलं झालंय.

मी उठलो. म्हणलो, "प्रीतीनं आणायचं असतंय ते. इचारून, सांगून आणलेलं ते प्रीतिभोजन कसलं? सरकारी जेवण झालं ते."

खरं ते न्हवतं, तुला ठाऊक होतं. आपल्या घरच्या मटणाला नाव होतं. आधी माझी बायको करायची, मग सून. लोक आमच्या पातेल्याभवती गोळा व्हायचे, मी लांब खुर्चीवर बसून बगायचो. देवळाच्या परातीत वतलं की ते कुणाचं बी होणार. तू सगळ्यांसमोर म्हणलीस, "अण्णा, नाव पाहिजे तर पातेल्यावर कोरून घे. आत पळी सगळ्यांची जाऊ दे."

लोक हसले. मी तसाच बाहेर गेलो. लई दिवस तुझ्याशी बोललो न्हाई. तू मातर रोज सकाळी येऊन, चहा झाला का, म्हणून इचारायचीस, आन् मी भिंतीला सांगायचो, झाला.

तुझंच झालं शेवटी. पोरं तुझ्याकडून, पाळकसाहेब तुझ्याकडून. मी पहिल्या दिवशी ताट घेऊन उभा ऱ्हायलो तर समोर देवळाच्या पराती, सगळ्या सारख्या. कुठलं काय, वळखूच येईना. मी पळी धरलेल्या पोरीला इचारलो, "हे कुणाचं?"

ती म्हणली, "रतनाक्काचं."

"आन् ते?"

"ते बी रतनाक्काचंच."

मग मी घेतलो. अंबाडीची भाजी घेतलो, शेंगाची चटणी घेतलो. दर महिन्याला असंच. कुणी बी वाढत असो, मी इचारायचो, ती सांगायची, मी घ्यायचो. अंबाडीची भाजी खाऊन मी एकदा भर पंगतीत मोठ्यानं म्हणलो, "आमच्या आईच्या हाताची चव उतरलीय रतनीत. ही चव दुसऱ्याच्या हाताला येणार न्हाई." तू समोर पाणी वाढायलीस. मान खाली घालून वाढत ऱ्हायलीस. मला वाटलं, बहीण लाजली.

मग तू गेलीस. ते मी लिवणार न्हाई.

तुझ्या आठवणीच्या उपासनेला मी ठरवलो, जेवण आपण द्यायचं. माझ्या एकट्याच्या नावानं. बिदरहून बावर्ची आणलो, डेग लावलो. मंडळीत उभा ऱ्हाऊन सांगितलो, कुणी कायबी आणायचं न्हाई, हात हालवत या, पोटभर जेवून जा. छाती भरून आल्ती माझी. बहिणीसाठी कसं केलं बगा, म्हणतील लोक.

त्या दिवशी बायका आल्या त्या पदराखाली भांडी घेऊन. अलीकडच्या, पलीकडच्या, बहुतेक सगळ्याच. सुंदराबाई सगळ्यात पुढं होती. परातीकडं बगत म्हणली, "अण्णा, हे कुठं वतू?"

"आज वतायचं न्हाई. सांगितलोय ना मी?"

"ऐकली की. पण रतनाक्काच्या नावाचं हाय म्हणून..."

"तिच्या नावाचं मी केलोय. तिच्या हाताची सर कुणाला येणार हाय? झाकून ठेवा ते सगळं तिकडं भिंतीपाशी."

मागं एक तरणी बाई फिसकन हसली, तर शेजारणीनं तिला कोपरानं ढोसलं. सुंदराबाईनं झाकण नीट बसवलं आन् भांडं भिंतीपाशी नेऊन ठेवलं. बाकीच्यांनी बी तसंच केलं. बिर्याणी चांगली झाल्ती. लोकांनी पोटभर खाल्ली. मी मधी उभा ऱ्हाऊन, घ्या, घ्या, म्हणायलो. जेवण उरकल्यावर बायका आपापली भांडी उचलून घरी गेल्या. भरलेली.

रतने, तू हयातभर जे मोडायला बगितलीस, ते मी तुझ्याच नावाच्या जेवणाला पुन्हा मांडलो. तेबी बिदरचा बावर्ची लावून.

तवा मला हे कळलं न्हवतं. कळलं पुढच्या महिन्याच्या पहिल्या ऐतवारी. उपासना झाली. मी शेडात गेलो तर बाकडं मोकळं. एक बी भांडं न्हाई. बायका देवळातनं निघून सरळ घराकडं चाललेल्या. कुणी माझ्याशी भांडली न्हाई. भांडली असती तर मी बी भांडलो असतो, भांडण मला येतंय. पाळकसाहेब परात हातात घेऊन उभे होते. म्हणले, "अण्णा, रतनाक्काबरोबर हे बी गेलं म्हणायचं." आन् परात भिंतीला टेकवून ठेवले.

मी घरी येऊन बसलो. सून ताट वाढली. खाल्लो न्हाई. बाकड्यावर बसलेली धूळ डोळ्यापुढनं जाईना. तू घरोघर फिरून, पाय सुजवून उभं केलेलं, मी एका डेगीत बुडवलो.

दुसऱ्या दिवशी मी ओढा वलांडून सुंदराबाईच्या दारात गेलो. पलीकडं मी प्रार्थनेला जातो, मातीला जातो. दारात उभा ऱ्हातो, बायबल वाचतो, परत येतो. आत बसलो न्हवतो कधी.

ती चुलीपुढं होती. मला बगून उठली. "कोण मेलं अण्णा?"

"कुणी न्हाई. तू काल भांडं कामून आणली न्हाईस?"

"तुमच्या पोटाला सोसत न्हाई म्हणून," ती म्हणली. हसत न्हवती. माझंच बोलणं तिच्यापत्तुर पोचलं होतं.

मला राग आला. राग आला तसा मी चौकटीला धरून आतच बसलो, जमिनीवर. म्हणलो, "वाढ. काय असंल ते वाढ."

"शिळं हाय."

"वाढ म्हणतोय ना."

तिनं हात पदराला पुसले. मग ताटलीत भाकर ठेवली, वर भाजी घातली. अंबाडीची. मी घास घेतलो आन् माझं तोंड थांबलं. रतने, तीच होती. तीच आंबट, तोच लसूण करपण्याच्या अलीकडं थांबवलेला, कण्या तशाच मोकळ्या.

मी म्हणलो, "रतनीनं शिकवलं तुला?"

"मीच शिकवली तिला, अण्णा. तिला कुठं येत होती? कण्याचा गोळा व्हायचा तिचा."

"मग देवळात जी असायची..."

"माझी असायची. चटणी ह्या शेजारच्या म्हातारीची. वरण घ्यायचात ते तिच्या सुनेचं." भाकरीवरनं तिची नजर हलली न्हाई. "तिनं आम्हाला सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. अण्णानं इचारलं, कुणाचं, तर रतनाक्काचं म्हणायचं. म्हणायची, त्याला खाऊ द्या आधी. एक ना एक दिवस मीच सांगीन त्याला."

तू सांगितली न्हाईस.

पहिल्यांदा मला तुझाच राग आला, ते बी लिवतो. देवाच्या घरात सगळ्या बायकांना खोटं बोलायला लावलीस. मोठ्या भावाला ताटात फसवलीस. तिथंच बसून मनात तुझ्याशी भांडलो, कवा सांगणार होतीस? मी मेल्यावर? सगळ्या मंडळीला ठाऊक, आन् मधी मी शहाणा. मग माझं भांडण आपोआपच खाली बसलं. कारण तू असतीस तर एकच इचारली असतीस. "अण्णा, खरं सांग. एक बाई एवढं रांधंल का?"

न्हाई रांधणार. तीन पराती भाजी, चटणी, वरण, एका म्हाताऱ्या बाईच्या चुलीवर. मी शेतकरी माणूस. किती लाकडाला किती शिजतंय मला कळत न्हाई? माझ्या डोक्यात आलं होतं, रतने. पहिल्याच वर्षी आलं होतं. मी ते घासाबरोबर गिळलो. खायला बी मिळत होतं आन् मानबी ऱ्हात होती. तू खोटं बोललीस ते माझ्यासाठी, आन् मी फसलो ते बी माझ्याचसाठी. आन् सुंदराबाई हातात पळी धरून ऐकत उभी, ही चव दुसऱ्याच्या हाताला येणार न्हाई. तिच्याच हाताचं तोंडात असताना मी म्हणलो ते.

ताटली रिकामी केलो. तिला म्हणलो, "येत्या ऐतवारीच जेवण करू. पुढच्या महिन्याची वाट बगायला नको. तू आण."

"मी एकटी आणून काय करू? तुम्ही सगळ्यांना भिंतीपाशी ठेवायला लावलात. सगळ्यांच्या दारात जा." मग ताटली उचलत म्हणली, "आन् तुम्ही काय आणणार?"

"सुनेला सांगतो मटण..."

"सून न्हाई. तुम्ही."

मी शनिवारी घरोघर गेलो. तू जायचीस तसं. तू जायचीस तवा लोक हसून दार उघडत असतील. मला बगून बायका पदर सावरायच्या आन् गप उभ्या ऱ्हायच्या. मी म्हणायचो, उद्या जेवण हाय, काय तरी आणा. काहीजणी बघू म्हणल्या. एकजण म्हणली, बावर्ची आजारी हाय का? मी न्हाई म्हणलो आन् पुढच्या दाराला गेलो. कुठल्याच दारात मला, चुकलं माझं, म्हणता आलं न्हाई. जिभेवर यायचं आन् बसायचं.

मला रांधता येत न्हाई. ल्हानपणी ढोरं राखताना ज्वारीच्या, हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजवायचो, तेवढंच. तेच केलो. सून दारात उभी ऱ्हाऊन बगत होती, मी तिला हात लावू दिलो न्हाई.

ऐतवारी सगळी घरं न्हाई आली. काहींचा राग ऱ्हायलाय, ऱ्हाऊ दे. पण बाकड्यावर पराती मांडल्या गेल्या. सुंदराबाईनं माझ्या घुगऱ्या परातीत वतल्या, बोटानं एक दाबून बगितली. मग आपल्या भाजीची पळी माझ्या हातात दिली. "धरा. वाढायचं, आन् तोंडानं सांगायचं."

मी म्हणलो, "घ्या. भाजी हाय."

"आता गं बाई! असं मेल्यावानी सांगतेत व्हय? चांगली हाय म्हणा की."

"चांगली हाय," मी म्हणलो. लोक हसायला लागले.

ती माझ्या परातीमागं जाऊन उभी ऱ्हायली आन् मोठ्यानं वरडायला लागली, "या, या! अण्णांनी सोताच्या हातानं शिजवल्यात. दात असतील त्यांनी हिकडं या. नसतील त्यांनी खिशात घालून न्या, पेरायला होतील!"

मी वाढत होतो, पण डोळा माझा त्या परातीवर. कोण थांबायलंय, कोण तसाच पुढं जायलाय. पोरं घ्यायली, हसत घ्यायली. एक पावणा माणूस आला, परातीत वाकून बगितला, आन् पळीला हात न लावता पुढं गेला. त्याला माझं नाव बी ठाऊक न्हवतं. भूक नसंल, आवडत नसंल. तरी माझे कान तापले. सत्तरी उलटून गेलेला मी, त्या अनोळखी माणसाच्या पाठीकडं बगत उभा होतो. वाटलं, पळत जाऊन त्याला आडवावं, एक दाणा तर खाऊन बग रे.

ह्या बायका असंच बगत उभ्या होत्या, वर्षानुवर्षं, दर महिन्याला. आन् पुढं जाणारी पाठ माझी होती.

तू मला हे कितींदा सांगितलीस. हसून सांगितलीस, चिडून सांगितलीस, माझ्यापायी खोटं बोलून सांगितलीस. मला वाटायचं, तू जेवणाबद्दल बोलायलीस.

शेवटच्या पंगतीला सुंदराबाई माझ्या शेजारी येऊन बसली. भाजी संपल्ती, घुगऱ्या उरल्या होत्या. आम्ही दोघं त्याच चावत बसलो. मला बोलायचं होतं. क्षमा हा शब्द मी दर ऐतवारी सगळ्यांबरोबर मोठ्यानं म्हणतो, सगळ्यांत माझाच आवाज वर असतोय. तिथं शेजारी बसून तो बाहेर पडंना. ताटाकडं बगत ऱ्हायलो. डोळ्यात पाणी आलं ते तिला दिसू नये म्हणून मान आणखी खाली घातलो.

ती म्हणली, "खावा अण्णा. गार झाल्यावर आणखी घट्ट होतील त्या."

मी खाल्लो.